परत येण्याचा पुरावा

आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीला, एक तपकिरी रेघ आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुराची. त्या आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि आम्ही राहतो गावभागात. पुढे दोनदा रंग काढला, पण पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की रेघ पुन्हा वर येते.

माझ्या शैक्षणिक कर्जासाठी घर तारण ठेवायचं ठरलं. बँकेचा व्हॅल्युअर येणार त्या सकाळी बाबांनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं, रेघ जिथं सगळ्यात ठळक दिसते तिथं खिळा ठोकला आणि त्यावर टांगलं. उरलेल्या रेघेपुढे कपाट सरकवलं. व्हॅल्युअर आला, त्याने टेप लावली, मोबाईलवर फोटो काढले, चहा घेतला आणि गेला. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. 'नेहमी खरे बोलावे' हा सुविचार त्यांनी आयुष्यात किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, मोजता येणार नाही. त्या दिवशी दुपारी ते जेवताना एकदम गप्प होते.

त्याच सकाळी मी आतल्या खोलीत बसून व्हिसाच्या मुलाखतीची उत्तरं वहीत लिहीत होते. पहिलाच प्रश्न : हाच कोर्स का? माझं उत्तर पुरापासून सुरू होत होतं. पर्यावरण अभियांत्रिकी, नद्या, पाण्याचं व्यवस्थापन, आणि एकोणीसच्या ऑगस्टमध्ये गच्चीवरून पाहिलेली गल्ली. विद्यापीठाला पाठवलेला निबंधही तिथूनच सुरू झाला होता. कन्सल्टंट म्हणाला होता, "तुमचा पूर फार छान आहे, तो सोडू नका." म्हणजे एकाच घरात, एकाच वेळी, एक माणूस पूर झाकत होता आणि दुसरं माणूस तो उजळून दाखवत होतं. दोघांचं काम एकच होतं, मला अमेरिकेला पाठवायचं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घर करून आहे. व्हिसाचा अर्ज भरताना खरं बोलणं म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी हा अर्ज भरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेला शिकायला जायचं तर एफ-१ व्हिसा लागतो. आधी विद्यापीठाकडून आय-२० येतं, आणि ते मिळण्यासाठी किमान पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार ते दाखवावं लागतं. मग डीएस-१६० नावाचा लांबलचक ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलर व्हिसाची फी, ३५० डॉलर सेव्हिसची फी. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं द्यायची, आणि जून २०२५ पासून ती खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची. (मी माझं इन्स्टा उघडं केलं तर पहिली रिक्वेस्ट आत्याची आली. असो.) शेवटी मुंबईत बीकेसीला मुलाखत. काचेपलीकडे अधिकारी, अलीकडे तुम्ही, आणि हातात दोन-तीन मिनिटं.

या सगळ्याच्या मुळाशी अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं एक कलम आहे, २१४ (बी). व्हिसा नाकारल्यावर जो कागद हातात देतात त्यावर बहुतेकदा याच कलमाचा आकडा असतो. ते कलम म्हणतं की अर्जदार कायमचाच राहायला येतोय असं समजायचं, तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून देईपर्यंत. फौजदारी खटल्यात आरोपीला गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानतात, इथं उलटं. आणि विद्यार्थ्याने काय पटवायचं? मायदेशी आपलं घर आहे आणि ते सोडून देण्याचा आपला इरादा नाही, हे.

नीट बघा, 'तू परत जाशील का' असं कायदा विचारत नाही. तो विचारतो, आज तुझ्या मनात काय आहे. माझं नाव, जन्मतारीख, मार्क, बँकेतली शिल्लक यांचा पुरावा असतो. माझ्या मनात काय आहे याचा पुरावा मी कुठून आणू? मलाच तो मिळत नाहीये.

आधी सोपा भाग उरकते. वस्तुस्थितीबद्दल खोटं बोलायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. त्यात फार नैतिक उंची वगैरे नव्हती, भीतीही होतीच. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली आणि पकडलं, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. कन्सल्टंट म्हणाला, नातेवाईक आहेत का याला 'नाही' लिहा, त्यांना कुठे कळतंय. मी 'हो' लिहिलं. मग तो म्हणाला, मामांच्या नावावरचे पंधरा लाख महिनाभर बाबांच्या खात्यात फिरवून घ्या, स्टेटमेंट जड दिसेल. ब्रिटनला जाणारी मुलं हे अगदी सर्रास करतात, तिथं पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, म्हणून पैसे २८ दिवस 'झोपवून' ठेवायचे आणि एकोणतिसाव्या दिवशी ज्याचे त्याला द्यायचे. मामा तयारही होते. पण ते पैसे माझ्या शिक्षणाला मिळणार नव्हते, मामेबहिणीच्या लग्नाचे होते. मी नको म्हटलं. इथवर ठीक आहे. इथं खरं आणि खोटं यांच्यामध्ये चांगली जाड भिंत आहे.

अवघड भाग पुढे आहे.

कन्सल्टंटने छापील उत्तरं दिली होती. 'शिक्षण झाल्यावर काय?' याचं उत्तर : मी भारतात परत येईन, कारण माझे आईवडील इथं आहेत, भारतात माझ्या क्षेत्राला उज्ज्वल भविष्य आहे, आणि मला देशासाठी योगदान द्यायचं आहे. माझ्या आधीच्या मुलीलाही हेच दिलं होतं, तिचा विषय डेटा सायन्स होता. वाक्यात काहीच खोटं नव्हतं. आईवडील इथंच आहेत. नद्यांना माझी गरज आहे असं मला खरोखर वाटतं. तरी आरशासमोर ते म्हणताना माझा आवाज बदलायचा. आपण बोलतोय ते आपलं नाही, हे घशाला आधी कळतं.

मराठीत यासाठी एक चांगली सोय आहे, इंग्रजीत ती मला सापडली नाही. 'मी परत येईन' आणि 'मी परत येणार आहे' यांत फरक आहे. 'येईन'मध्ये थोडा वारा खेळतो, पाऊस थांबला तर येईन, सुट्टी मिळाली तर येईन. 'येणार आहे' म्हणजे तिकीट काढलंय. आणि तिसरं तर त्याहून मजेदार. आपण घराबाहेर पडताना 'जाते' म्हणतच नाही. 'येते' म्हणतो. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं की आजी टाकोटाक म्हणायची, "जाते म्हणू नये गं, येते म्हण." दुकानात जाताना येते, कॉलेजला जाताना येते, सहा महिन्यांसाठी हॉस्टेलला जातानाही येते. पाय बाहेर पडत असताना तोंडाने उलटी दिशा सांगायची, आणि याला कुणी कधी खोटं म्हटलेलं नाही.

एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या तत्त्वज्ञ बाईंनी १९५७ साली 'इंटेन्शन' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच त्या भाकीत आणि इरादा यांतला फरक मांडतात. माझ्या भाषेत सांगायचं तर 'मला आता शिंक येणार' हे भाकीत, 'मी आता चहा ठेवणार' हा इरादा. शिंक माझ्याकडून होते, चहा मी करते. चहा ठेवायला उठले आणि सिलिंडर संपलेला निघाला, तर मी खोटं बोलले असं होत नाही. हे वाचून मला आधी हायसं वाटलं. परत यायचा माझा इरादा आज खरा असेल आणि पुढे सिलिंडर संपला, तर मी खोटारडी ठरत नाही.

पण मग मी हिशेब मांडला. सिलिंडर रिकामा आहे हे मला आधीच माहीत असेल तर?

कर्ज पस्तीस लाखांचं. व्याज साडेदहा टक्के, मुदत पंधरा वर्षं. शिकतानाचं व्याज मुद्दलात मिळवलं तर महिन्याचा हप्ता चाळीस हजारांच्या पुढे जातो. माझ्याबरोबर पास झालेली आणि पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करणारी मैत्रीण अठ्ठावीस हजार घेते. बाहेरची पदवी आहे म्हणून मला जास्त देतील, किती जास्त? म्हणजे शिकून लगेच सांगलीला परत आले तर हप्ता बाबांच्या पेन्शनमधून जाणार, आणि तो चुकला तर ती रेघेची भिंत बँकेची. घर वाचवायचं तर मला काही वर्षं डॉलर कमवावे लागतील, आणि अधिकाऱ्याला दाखवायच्या फाईलमध्ये 'आर्थिक क्षमतेचा पुरावा' म्हणून पहिला कागद कोणता, तर हेच कर्ज मंजुरीचं पत्र. मी पुरेशी श्रीमंत आहे हे सिद्ध करणारा कागदच मी लवकर परत येऊ शकत नाही हे सांगतो. काचेपलीकडच्या माणसाला हे दिसत नसेल असं मला वाटत नाही.

इमॅन्युएल कान्टने १७८५ मध्ये दिलेलं उदाहरण इथं बोचतं. एका माणसाला पैशाची नड आहे. फेडू शकणार नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी 'परत करीन' असं वचन देऊन तो उसने घेतो. कान्ट म्हणतो, सगळेच असं करायला लागले तर वचन नावाची गोष्टच उरणार नाही, कुणी कुणाचं ऐकून घेणार नाही, हसतील फक्त. व्हिसाच्या रांगेत हे जवळजवळ घडलेलंच आहे. सगळे तेच छापील वाक्य म्हणतात, ऐकणाऱ्याला ते छापील आहे हे माहीत असतं, म्हणून तो वाक्य सोडून चेहरा वाचतो. आणि मग ज्याचं वाक्य खरं आहे त्याचाही चेहरा चाचपडतो.

यावर एक उत्तर तयार असतं : समोरची व्यवस्था तरी कुठे सरळ आहे? त्यात तथ्य आहे. तेच अमेरिकन सरकार एफ-१ वाल्यांना शिक्षणानंतर वर्षभर काम करू देतं, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी २४ महिने. एकीकडे 'थांबायचा विचार नाही ना?' विचारायचं आणि दुसरीकडे थांबायची खोली झाडून ठेवायची. विद्यार्थ्याचा इरादा अधिकाऱ्यांनी कसा जोखावा याची सूचनाही राष्ट्राध्यक्ष बदलले तशी २०१७ मध्ये कडक झाली आणि २०२१ मध्ये पुन्हा सैल. तेच खरं उत्तर एका वर्षी चालतं, एका वर्षी नाही. पण 'त्यांचंही वाकडं आहे' याने माझं सरळ होत नाही. फार तर मला थोडं कमी अपराधी वाटतं.

या दिवसांत मी बाबासाहेबांचं एक छोटं लेखन पुन्हा वाचलं. त्याचं नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. नावातला व्हिसा परदेशाचा नाही, आपल्याच देशात माणूस म्हणून वावरण्याचा आहे. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करीन असा करार त्यांनी केला होता. म्हणजे परत येण्याची लेखी हमी. आणि ती पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला आलेही. पण राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी विश्रामगृहाच्या रखवालदारापुढे त्यांनीच तोड काढली, नोंदवहीत पारशी म्हणून नाव लावतो, मग तर राहता येईल. दीड रुपया रोज. त्यांनी खोटं नाव लावलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले. खोली सोडावी लागली, पुढचे तास बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

माझी त्यांच्याशी तुलना करण्याचा प्रश्नच नाही. माझं गावभागातलं घर मला कोणी नाकारलेलं नाही. पण या प्रसंगाने माझ्या प्रश्नाची दोन टोकं मला दिसली. एक, ज्या वहीत खऱ्या नावाला जागाच नाही, तिथं खोटं नाव लिहिणाऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी ती वही कोणी आखली हे विचारावं लागतं. कन्सल्टंटचं छापील वाक्य म्हणणाऱ्या, खेड्यातून पहिल्यांदा मुंबईला आलेल्या मुलाला मी खोटारडा म्हणू धजत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. परत येणं ही फक्त जाणाऱ्याची जबाबदारी आहे असं आपण धरून चालतो. ज्याने परत यायचा शब्द पाळला, त्याला ठेवून घ्यायची या गावाची कुवत नव्हती. वचन दोन्ही बाजूंनी असायला हवं होतं.

आनंदीबाई जोशींचं आणखी वेगळं. १८८३ मध्ये निघण्याआधी त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का चाललोय हे सांगितलं आणि धर्म न बदलता परत येण्याची ग्वाही दिली. तेव्हा पुरावा मागत होते ते मागे राहणारे. जिथं चालल्या होत्या तिथल्या लोकांनी हा प्रश्न विचारला नव्हता.

हे वाचून मी वही बंद केली, कारण मला एकदम कळलं की मीही चुकीच्या खिडकीपुढे घाम गाळतेय. अधिकाऱ्याला काय सांगायचं याची मी तीन महिने तालीम केली होती. पण तोवर मी तीन माणसांना तीन वेगवेगळी उत्तरं देऊन बसले होते. अधिकाऱ्यासाठी : परत येईन. बाबांना : तिथंच चांगली नोकरी बघते, कर्ज फिटेल, मग ओंजळभर उरलं की धाकट्यालाही बोलावून घेऊ. (बाबांना हेच हवंय. 'या नदीकाठी तू परत येऊ नकोस' असं ते पुरानंतर एकदा म्हणाले होते.) आणि आईला : दोनच वर्षं गं, बघता बघता जातील. यांतलं कुठलंही वाक्य खोटं आहे असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. ज्याला जे ऐकायचं होतं ते मी त्याच्या हातात ठेवलं होतं. कन्सल्टंटवर मी इतकी चिडले होते, आणि घरात मीच छापील उत्तरं वाटत होते.

अधिकाऱ्याचा माझ्यावर हक्क किती? त्याच्या कायद्यापुरता. त्याला मी वस्तुस्थिती खरी सांगणं लागते, आणि आजचा इरादा जसा आहे तसा. माझा इरादा आहे : शिकायचं, कर्ज फिटेपर्यंत कायद्यात बसेल तितकं काम करायचं, आणि मग कृष्णेवर काम करता येईल अशी जागा इथं असेल तर यायचं. यातला 'असेल तर' मी छापील उत्तरात घातला. कन्सल्टंट वैतागला, म्हणाला, "मुलाखतीत जर-तर चालत नाही." पण ज्यांच्या नावावर घर गहाण आहे, त्यांचा हक्क वेगळा होता.

मुलाखत झाली. तीन प्रश्न आले : कुठलं विद्यापीठ, खर्च कोण करणार, वडील काय करतात. पूर कोणी विचारला नाही. परत येणार का, तेही नाही. पासपोर्ट ठेवून घेतला, व्हिसा मंजूर म्हणून सांगितलं, आणि मी बीकेसीच्या उन्हात उभी राहून घरी फोन केला. बाबा रडले. जर-तरवालं उत्तर तसंच्या तसं माझ्याकडे शिल्लक राहिलं.

ते मी चार दिवसांनी आईला दिलं. ती गवार निवडत होती, मी समोर बसले आणि सांगितलं, "आई, दोन वर्षं म्हणाले होते, ते खरं नाही. हप्ता बघता निदान सहा-सात तरी. त्यानंतरचं मला माहीत नाही." बाबाही दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्याकडे वळून म्हटलं, "आणि कायमचं तिथंच राहायचं, असंही माझं ठरलेलं नाही."

आईने थोडा वेळ गवार निवडली. मग म्हणाली, "मला तुझा हप्ता पहिल्यापासून पाठ आहे. पासबुक मीच भरून आणते ना. दोन वर्षं म्हणालीस तेव्हा मीही काही बोलले नाही."

बाबांनी उगाच कालनिर्णयाकडे पाहिलं. कर्ज मंजूर होऊन महिना झाला होता, ते काढायचं राहूनच गेलं होतं. मी उठून काढायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे. तुझ्या विमानाची तारीख लिहिलीय त्यावर." मी पान उलटून पाहिलं. ऑगस्टच्या चौकटीत तिच्या अक्षरात, बॉलपेनने, एकच शब्द होता. 'येते.'